पाख्याची आतली बाजू

कौलारू घराचं छप्पर अंगणातून पाहिलं तर फार काही सांगत नाही. लाल पाखं, त्यावर शेवाळाचे काळपट ओघळ, एखादं तिरकं झालेलं कौल, एवढंच दिसतं. खरं छप्पर दिसतं ते माळ्यावर चढल्यावर. तिथं आढं, वासे, रिपा आणि कौलांची पोटं उघडी असतात. घराला काय झालं आहे आणि पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत काय होऊ घातलं आहे, ते तिथं स्पष्ट कळतं. मी पुढे बऱ्याच छपरांखाली राहिले. छप्पर आतून बघायची सवय मात्र दापोली तालुक्यातल्या आमच्या घरानं लावली आणि ती कायमची लागली.

घर पणजोबांनी बांधलेलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मधे माजघर, पुढे ओटी आणि पडवी, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. माजघरावर फणसाच्या फळ्यांचा माळा. तिथं भाताच्या कणग्या, सोलायचे नारळ, लग्नाकार्यातली मोठी पातेली, मोडका पाळणा. आमच्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे तो अंगणात साठून राहिला असता तर दोन पुरुष पाणी झालं असतं. एवढं सगळं पाणी अंगावर घेऊन वळचणीपर्यंत सुखरूप पोचवायचं, हे त्या पाख्यांचं काम. त्यामुळे चैत्र सरत आला की घरात शाकारणीची बोलणी सुरू होत आणि आजोबा मला माळ्यावर पाठवत. मी हलकी होते, फळीवर पाय कुठे टाकायचा ते मला कळत होतं, आणि मला वर जायला आवडत असे.

आजोबांच्या लहानपणी त्या घरावर नळे होते. कुंभारानं चाकावर फिरवून केलेले, मधोमध चिरून अर्धगोल झालेले. एकावर एक पालथे-उताणे रचायचे. वानरं उड्या मारून ते विस्कटत, पावसानं सरकत, म्हणून दरवर्षी सगळे उतरवून, झाडून, पुन्हा लावावे लागत. याला ‘नळे परतणं’ म्हणत. मग मंगळुरी कौलं आली. या कौलांची कूळकथा मला फार आवडते. एकमेकांत खाचेनं अडकणारं सपाट कौल फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी काढलं आणि १८४१ साली त्याचं पेटंट घेतलं. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ च्या सुमारास मंगळुरात कौलांचा कारखाना उभा केला, नेत्रावतीकाठची चिकणमाती वापरून. मग इतरांनीही कारखाने काढले आणि गलबतांतून ही कौलं किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेकडे येऊ लागली. कारखान्याचं नाव कौलाच्या पोटावर उठवलेलं असतं. ते बाहेरून कधीच दिसत नाही; माळ्यावरच्या माणसालाच वाचता येतं. मी इंग्रजी अक्षरं ओळखायला शिकले ती या कौलांवर, मान मागे टाकून.

एक कौल साधारण दोन-सव्वादोन किलोचं. चौरस मीटरला पंधराएक लागतात. आमच्या घराचं पाखं दोनशे चौरस मीटर धरलं तर तीन हजार कौलं, म्हणजे सहा-सात टन वजन. पावसात भिजली की त्याहून जास्त. हे सगळं ओझं दीड-दोन इंची रिपांवर, रिपांचं वाशांवर आणि वाशांचं आढ्यावर व भिंतीवर. कौलाला मागच्या बाजूनं नाक असतं, ते रिपेला अडकतं आणि कौल स्वतःच्या वजनानं तिथं बसून राहतं. म्हणून फुटलेलं कौल ही छोटी गोष्ट. रीप गेली की मात्र रांगच्या रांग खाली येते.

तपासणी भर दुपारी करायची, कारण तेव्हा ऊन सर्वांत कडक. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, दिवा मालवायचा आणि गप्प बसून राहायचं. डोळे अंधाराला सरावले की उजेडाचे ठिपके दिसू लागतात. बारीक ठिपका म्हणजे कौलाला तडा. लांबट फट म्हणजे कौल सरकलं आहे. काचेच्या कौलातून येणारा कवडसा वेगळा, तो आपण मुद्दाम घेतलेला उजेड. प्रत्येक ठिपक्याखालच्या रिपेवर मी खडूनं फुली मारत असे. आजोबा जिन्याच्या तळाशी उभे राहून विचारत, “आढ्यापासून कितवी रीप?” मी सांगितलेला आकडा ते पाटीवर लिहीत.

दुसरी तपासणी पहिला मोठा पाऊस लागल्यावर. ही अवघड. पाणी जिथं आत शिरतं तिथंच पडलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण ते कौलाच्या पोटाला चिकटून खाली सरकतं, रिपेला अडतं, रिपेवरून आडवं जाऊन वाशाला लागतं, वाशाच्या खालच्या कडेनं उतरत एखाद्या गाठीपाशी किंवा खिळ्यापाशी थांबतं आणि तिथं थेंब सोडतं. खाली पातेलं ठेवलेली जागा आणि वरचं भोक यांत चार-पाच हातांचं अंतर सहज पडतं. “थेंबाकडे बघू नको गो, ओल कुठून आली ते बघ,” असं आजोबा सांगत. म्हणजे थेंबापासून वाशाच्या चढाकडे हात फिरवत जायचं. ओल्या लाकडाचा हाताला गारवा लागतो. तो जिथं संपतो तिथून दोन कौलं वर शोधायचं. बहुतेक वेळा तिथं फुटकं कौल नसतंच. खाचेत साठलेली फणसाची पानं किंवा आंब्याचा मोहोर असतो आणि त्याला अडून पाणी उलटं आत येत असतं.

लाकडावरच्या डागांचंही एक शास्त्र आहे. नवी ओल काळी आणि सरसकट दिसते. जुनी, वाळून गेलेली ओल कडेला पिवळट रेघ सोडते. एकात एक अशा बऱ्याच रेघा दिसल्या की समजावं, इथं दर पावसाळ्यात थोडं पाणी येतं आणि दर हिवाळ्यात वाळतं. असं लाकूड आजोबा फारसं मनावर घेत नसत, आणि ते बरोबरच होतं. लाकूड भिजल्यानं कुजत नाही, वाळायला न मिळाल्यानं कुजतं. कुजवणारी बुरशी वाढायला लाकडात साधारण वीस टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहावी लागते. मंगळुरी कौलांच्या फटींतून सतत वारा खेळतो, त्यामुळे पाख्याच्या मधलं लाकूड भिजलं तरी आठवड्याभरात कोरडं होतं. कुजतं ते वाशाचं भिंतीतलं टोक. जांभा पाणी धरून ठेवतो, आणि त्या खोबणीत ना वारा जातो ना ऊन.

म्हणून आजोबांच्या हातात दाभण असे. पोती शिवायचं, साधं दाभण. वाशाच्या टोकाशी, भिंतीला लागून, ते रोवायचं. चांगल्या सागात किंवा किंजळात टोक जेमतेम घुसतं आणि ओढून काढावं लागतं. कुजलेल्या लाकडात आपोआप आत जातं. मेस्त्री दाभणाऐवजी हातोडीच्या दांड्यानं ठोकत. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द. मेस्त्री डोळे मिटून ठोकत जायचे आणि मधेच थांबून तोच ठोका पुन्हा द्यायचे. त्या थांबण्याची मला धास्ती वाटायची, कारण पुढचं वाक्य ठरलेलं असे: “हा वासा बदलावा लागंल, काका.”

वाळवीची खूण वेगळी. भिंतीवरून वर चढलेली मातीची बारीक नळी दिसली की ती बोटानं मधे मोडायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. पुन्हा लिंपलेली असली तर आत वाळवी जिवंत आहे. लाकूड पोखरणारा बारीक किडा माती आणत नाही. तो पिठाएवढा मऊ भुसा खाली पाडतो. भुसा झाडून टाकायचा, खाली कागद पसरायचा, आठवड्यानं बघायचं. माळ्यावरच्या या चाचण्यांना उपकरण काही लागत नाही. पुन्हा वर जायची तयारी लागते.

आमच्या स्वयंपाकघराच्या वाशांना मात्र कधी कीड लागली नव्हती. ते काजळीनं इतके काळे झाले होते की कुठलं लाकूड ते ओळखू येत नव्हतं. चुलीचा धूर वर्षानुवर्षं त्यांना लागत होता. धुरानं लाकूड कोरडं राहायचं आणि किडा फिरकायचा नाही. पुढे घरात गॅस आला. आईचे आणि काकूचे डोळे सुटले, त्यांचा खोकला गेला, हे फार मोठं सुख होतं आणि त्याबद्दल माझ्या मनात दुसरा विचार नाही. पण गॅस आल्यानंतर काही वर्षांतच त्या काळ्या वाशांखाली पिठाचे पुंजके दिसायला लागले. चूल जी राखण करत होती ती आता कुणीतरी करायला हवी होती. मेस्त्रींनी उंडीचं कडू तेल आणि काजूच्या टरफलांचं तेल आणून वाशांना पाजलं. टरफलाचं तेल हाताला लागलं तर कातडी भाजते, म्हणून बोटांना फडकं गुंडाळून काम. त्या वर्षी अख्खं घर उग्र वासानं भरून गेलं होतं. ते वासे अजून उभे आहेत.

लग्नानंतर डोंबिवलीत आले. तिथं डोक्यावर स्लॅब आणि त्यावर दुसऱ्या कुणाचं न्हाणीघर. गळती व्हायची, पण तिचा माग काढायला वर जायची सोय नव्हती, शेजाऱ्यांची परवानगी काढावी लागायची. त्या वर्षांबद्दल छपराच्या बाबतीत सांगण्याजोगं माझ्यापाशी काही नाही.

दादा न्यू जर्सीत होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्याच्याकडे गेले. एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगेत त्याचं घर, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बांधलेलं. छताला एक झाकण, ते ओढलं की घडीची शिडी खाली येते. गावच्या जिन्याची सवय असलेल्या मला ते झाकण स्वस्थ बसू देईना. दादा म्हणाला, “अगं, वर जायचं काही कारणच नसतं. खाली सामान ठेवायला जागा आहे.” तो स्वतः वर कधी गेला नव्हता. मी टॉर्च घेऊन चढले.

तिथल्या छपराची जात वेगळी. वाशांवर रिपा नाहीत. चार फूट बाय आठ फुटांचे प्लायवूडचे तक्ते सलग ठोकलेले, त्यावर डांबरी कागद आणि त्यावर डांबरी पत्र्यांचे तुकडे खिळ्यांनी मारलेले. आतून दिसतो तो प्लायवूडचा तळ आणि त्यातून बाहेर आलेली खिळ्यांची शेकडो टोकं, डोक्याला लागतील अशी. पाय टाकायचा तो फक्त खालच्या आडव्या लाकडांवर. मधे गुलाबी काचलोकर आणि तिच्याखाली जिप्समचा पातळ पत्रा. चुकून तिथं पाय पडला तर माणूस खालच्या खोलीत.

दादाच्या आणि शेजाऱ्याच्या घरामधल्या भिंतीपाशी प्लायवूडचा रंग बदलला होता. बाकी तक्ते फिकट, आणि भिंतीला लागून चार फुटांचा पट्टा गडद तपकिरी, वर पांढरट पूड. मी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो आत गेला. बोटांनी दाबलेल्या कडेचा भाजलेल्या पापडासारखा चुरा झाला. ओल कुठेच नव्हती. माझ्या सगळ्या समजुतीला हे सोडून होतं. पाणी नाही, वाळवी नाही, किडा नाही, आणि तरी लाकूड संपलेलं.

कारण नंतर समजलं. जोडघरांत एका घराची आग छपरावरून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मधली भिंत छपराच्या वर काढायचा नियम होता. त्याऐवजी भिंतीच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट आगप्रतिबंधक रसायन मुरवलेलं प्लायवूड वापरायची सवलत मिळाली. हे रसायन आगीच्या उष्णतेनं आम्ल सोडतं, त्यामुळे लाकूड पेट घेण्याऐवजी कोळसा होऊन थांबतं. पण उन्हाळ्यात छपराखालची जागा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापते, आणि काही रसायनांची ती क्रिया तेवढ्या उष्णतेतच हळूहळू सुरू झाली. आग लागली नाही आणि लाकूड मात्र आतल्या आत जळत राहिलं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीनं यावर बरंच संशोधन केलं. न्यू जर्सीत अशा हजारो घरांची छपरं त्या काळात बदलावी लागली. बाहेरून ती छपरं धडधाकट दिसत होती. ज्यांनी झाकण उघडून वर पाहिलं त्यांना वेळेवर कळलं. बाकीच्यांना, छपरावर चढलेल्या कामगाराचा पाय आत गेल्यावर.

त्याच माळ्यावर आणखी एक गोष्ट दिसली. उत्तरेकडच्या उतारावर प्रत्येक खिळ्याभोवती गंजाचं कडं आणि त्याभोवती काळी बुरशी. दादा म्हणाला, थंडीत कधीकधी छतातून पाणी टपकतं, छपरावर डांबर लावून घेतलं तरी थांबत नाही. न्हाणीघरातला पंखा वाफ ओढून घ्यायचा, पण त्याची नळी छपराबाहेर काढलेलीच नव्हती, ती माळ्यावरच सोडून दिली होती. वाफ वर यायची, थंडगार खिळ्यांवर तिचं हिव व्हायचं, ऊन पडलं की ते वितळून टपकायचं. छपराला भोक नव्हतंच. शिवाय वळचणीकडून वारा आत यायच्या फटी काचलोकरीनं बुजवल्या होत्या. तिकडच्या नियमात माळ्याच्या दीडशे चौरस फुटांमागे एक चौरस फूट वाऱ्याची वाट सांगितलेली असते. मी दादाला म्हटलं, “आजोबांनी हे दुपारी दार लावून पाच मिनिटांत सांगितलं असतं.” तो काही बोलला नाही, पण रविवारी स्वतः वर आला आणि आम्ही दोघांनी मिळून ती काचलोकर मागे सारली.

दुरुस्तीला कारागीर आले तेव्हा मी तासन् तास अंगणात उभी राहून पाहिलं. प्लायवूड आतून तपासता येतं, बदलता मात्र वरूनच येतं. डांबरी तुकडे काढायचे, खराब भाग चांगल्या लाकडापर्यंत कापायचा, तोही असा की कापाची रेघ वाशाच्या मधोमध यावी, म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही कडांना बसायला लाकूड मिळतं. नवा तक्ता त्याच जाडीचा. दोन तक्त्यांत एक अष्टमांश इंच फट सोडायची, नाहीतर ओलीनं फुगून ते एकमेकांना उचलतात. आतून करता येतो तो तात्पुरता उपाय: दोन वाशांमधे आडवं लाकूड ठोकून मऊ पडलेल्या तक्त्याला आधार द्यायचा. दुरुस्ती वरून करेपर्यंतची ती सोय, दुरुस्ती नव्हे. आमच्या मंगळुरी पाख्यात उलटं आहे. माळ्यावर बसून हातानं वरचं कौल थोडं उचला, फुटलेलं खाली ओढून घ्या, नवं सरकवा. छपरावर पाऊल टाकायची गरज नाही. आतून दिसतं आणि आतूनच नीट करता येतं, असं छप्पर बांधणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. त्याच वेळी हेही खरं की सलग ठोकलेला तक्ता वाऱ्याला जसा धरून राहतो तसं नुसतं अडकवलेलं कौल राहत नाही. हे आम्हाला पुढे चांगलंच कळलं.

आजोबा गेले, मग काका गेले. घर वर्षातला बराच काळ बंद राहू लागलं. एका चुलतभावाच्या लग्नाच्या वेळी माजघर आणि ओटी नवी दिसावी म्हणून कंत्राटदारानं वाशांच्या खाली पीओपीचं पांढरं छत मारलं. माळ्याचा जिना काढला, वर जायची जागा बुजवली. कौलांखाली प्लास्टिकचा कागदही अंथरला, कचरा पडू नये म्हणून. घर फोटोत सुंदर दिसलं. पण त्या दिवसापासून आढं, वासे आणि रिपा कुणाच्याच नजरेला पडेनाशा झाल्या, आणि प्लास्टिकखाली अडलेली वाफ लाकडातच मुरत राहिली.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत माड-पोफळीच्या बागा झोपल्या, हजारो घरांची छपरं उडाली. टाळेबंदीचे दिवस, आम्ही पोचलो तोवर पावसाला सुरुवात झाली होती. पश्चिमेचं पाखं अर्धं उघडं पडलं होतं, पीओपी भिजून जमिनीवर आलं होतं. आणि त्या पडलेल्या छतामुळेच कित्येक वर्षांनी आम्हाला वर पाहता आलं. वारा जिथून शिरला त्या ओळीतल्या सगळ्या वाशांची भिंतीतली टोकं गेलेली होती. ही कूज वादळाची नव्हती, वर्षानुवर्षांची होती. वादळानं फक्त ती टोकं हलवली. शेजारच्या घरातलं पाखं त्याच वाऱ्यात, त्याच दिशेला तोंड करून, कौलं गमावूनही वाशांसकट उभं होतं. त्या घरातल्या वहिनी दर एप्रिलात माळ्यावर जातात.

त्या पावसाळ्यात ताडपत्रीवर भागवलं. पत्र्यांची इतकी टंचाई होती की मिळेल ते घ्यावं लागत होतं, आणि गावातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा कौलं सोडून पत्रे घातले. वानरांचा त्रास, मेस्त्रींची वानवा, खर्च, अशी त्यांची कारणं खरी आहेत. आम्ही कौलंच ठेवायचं ठरवलं. परसातला मोठा फणस वादळात उन्मळून पडला होता. तो गिरणीवर चिरून आणला, पट्ट्यांच्या मधे काटक्या घालून पडवीत सावलीला रचून ठेवला. ओला फणस वापरला तर पिळतो. हिवाळ्यात त्याच्या रिपा झाल्या. वाशांसाठी मोडून टाकलेल्या एका वाड्याचं जुनं सागवान मिळालं.

२०२१ च्या सुरुवातीला काम सुरू झालं. जुन्या मेस्त्रींचा मुलगा आला, तोही डोळे मिटूनच ठोकतो. त्यानं पहिली गोष्ट केली ती आढ्याला टेकू दिले. टेकू दिल्याशिवाय एकाही वाशाला हात लावू दिला नाही. मग कौलं दोन्ही पाख्यांवरून सारखी उतरवली, एकीकडून चार रांगा तर दुसरीकडूनही चार. एकच बाजू मोकळी केली तर आढ्यावर एकांगी भार येतो आणि ते कलतं. कुजलेली टोकं त्यानं चांगलं लाकूड लागेपर्यंत मागे कापली. जिथं वासा बाकी धडधाकट होता तिथं नवा तुकडा लांब तिरक्या सांध्यानं जोडला. सांध्याची लांबी वाशाच्या उंचीच्या चौपट, मधून आरपार बोल्ट. जिथं भरवसा वाटला नाही तिथं जुन्याच्या अंगाला लागून अख्खा नवा वासा दिला. मी विचारलं, “जुना काढून का टाकत नाही?” तो म्हणाला, “राहू दे ताई, भार घेतो तवर घेऊ दे. काढताना बाजूची भिंत हलंल.” भिंतीतली खोबण त्यानं मोठी केली, वाशाच्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा सोडली, म्हणजे टोकाला वारा लागेल. टोकांना बोरिक-बोरॅक्सचं पाणी दोन हात आणि वर उंडीचं तेल. वाशांना लोखंडी पट्ट्यांनी भिंतीशी जखडलं. वळचणीच्या, कोन्याच्या आणि कडेच्या रांगांमधलं प्रत्येक कौल भोकातून तार ओवून रिपेला बांधलं. वादळात पहिली उडतात ती हीच.

प्लास्टिक काढून टाकलं. पांढरं छत पुन्हा केलं नाही. माळ्याचा जिना होता तिथं परत बसवला, आणि एक काचेचं कौल दिलं, बरोबर माळ्याच्या मधोमध. मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर गेलं. तेव्हा मी गावातच होते. रात्रभर टॉर्च घेऊन माळ्यावर बसले. दोन रिपांपाशी ओल आली, तिथं खडूनं फुल्या केल्या. कौल एकही गेलं नाही.

आता गावात बंद घरं पुष्कळ आहेत. गणपतीला आणि शिमग्याला कुलूप निघतं, चार दिवस रोषणाई होते, पुन्हा कुलूप लागतं. या घरांचे मालक पुण्या-मुंबईत, दुबईत, न्यू जर्सीत आहेत. घर विकायला ते तयार नाहीत, पडलेलं बघायला त्यांचा जीव होत नाही. रंगावर, फरशीवर ते मनापासून खर्च करतात. माळ्यावर मात्र कुणी चढत नाही. मी गेल्या काही वर्षांत ओळखीच्या अशा घरांच्या माळ्यांवर चढले आहे. बहुतेक ठिकाणी वासे मधे उत्तम होते आणि भिंतीतल्या टोकांशी गेलेले होते. वेळेवर पाहिलं असतं तर एका मेस्त्रीचं आठवड्याचं काम झालं असतं.

तुमचंही असं घर असेल तर होळीला किंवा त्यानंतर जाल तेव्हा एक दुपार राखून ठेवा. टॉर्च, दाभण आणि खडू न्या. दारं लावून अंधारात बसा, उजेडाचे ठिपके मोजा, वाशांची भिंतीकडची टोकं दाभणानं टोचून पाहा, खाली पडलेला भुसा झाडून पुन्हा येतो का ते कुणाला तरी पाहायला सांगा. खाली खोटं छत मारलेलं असेल तर त्यात निदान दोन फुटांचं झाकण करून घ्या, माणूस वर जाईल एवढं. कौलांखाली प्लास्टिक असेल तर काढा. घरात एखादी हलकीफुलकी मुलगी असेल तर तिला सोबत वर न्या आणि कौलाच्या पोटावरची अक्षरं दाखवा. आणि मेस्त्रीला फाल्गुनातच सांगून ठेवा. मे उजाडला की तो कुणालाच मिळत नाही.